एकवीस खारी

खंडू बागेतून परत आला तेव्हा त्याच्या कमरेच्या पंच्याला दोन खारी बांधलेल्या होत्या. माघाच्या सुरुवातीची सकाळ होती. बकुळा खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, बाहेरच्या चुलीवर पाणी तापवत बसली होती. तिने खारींकडे पाहिले, पाणी उतरवले आणि चुलीत आणखी दोन लाकडे सारली.

"कोणाला?"

"वरच्या घरच्या विनीतच्या पोराला. दोन दिस खोकतोय. आजी सांगून गेली काल."

"मां अशाच धाडताव काय?"

"अशा दिल्या तर त्याची आवस काय करील? मुंबयची आई ती. खार बघून पळंल. तूच कर नि वाटीतून रस दे."

बकुळा हसली. "तुमी मारायचं नि मी रांधायचं. वाडीचा दवाखाना हाय आपला."

"फुकटचा," खंडू म्हणाला.

खंडू सातवीपर्यंत शिकलेला. रत्नागिरीत राहणाऱ्या एका मालकाच्या हापूसच्या बागेत तो राखणीला होता. आठ वर्षांचा असताना बापाने हातात गलोल दिली, तेव्हापासून त्याचा नेम चुकत नसे. ओढ्यातले गोल खडे तो पिशवीत घालून ठेवी. वाडीच्या बैठकीत त्याला कोणी पुढे बसवत नसे, पण घरात कोणी आजारी पडले की पहिला निरोप त्यालाच येई. सांधे धरले तर घोरपडीचे तेल, दम्याला वटवाघूळ, पोटदुखीला साळिंदराचे आतडे आणि खोकल्याला खार. हे सगळे आणून देणारा तोच. कायद्याने हा गुन्हा आहे हे त्याला माहीत होते. वाडीतल्या सगळ्यांनाच माहीत होते. पण औषधाला कसला कायदा, असे सगळे म्हणत.

खार माडावर सरळ चढते आणि तिला दम लागत नाही. म्हणून तिचे मटण खाल्ले की खोकला आणि दम जातो, असा समज. साध्या खोकल्याला दोन-तीन पुरतात. छातीचा जुना खोकला असेल तर एकवीस, एक दिवसाआड एक. आणि त्या एकवीस खारी पोटात जाईपर्यंत दवाखान्याची गोळी चालत नाही. दोन औषधे एका पोटात भांडतात, असे वाडीतले म्हातारे सांगत आले होते.

बकुळाने खारी जाळावर धरून केस भाजले, सुरीच्या बोथट बाजूने खरवडले, पोट साफ करून हळद चोळली. एका खारीत मूठभरही मांस नसते. तिने चार-चार तुकडे केले. शिकारीचा काळा पडलेला टोप वेगळाच असे. घरात देव आहेत म्हणून तो कधी उंबऱ्याच्या आत येत नसे. भाजलेले खोबरे, लसूण आणि मिरी वाटून तिने पातळ रस केला आणि लहान पोराच्या घशात हाड जाऊ नये म्हणून फडक्यातून गाळला.

मग हात धुऊन ती आत गेली, फळीवरचे पाकीट घेतले आणि स्वतःच्या गोळ्या पाण्याबरोबर घेतल्या. त्या घेताना तिने दाराकडे पाठ केली.

तिच्या छातीत टीबी होता. दिवाळीच्या आधी भात कापताना खोकला लागला आणि थांबला नाही. संध्याकाळी ताप येई, चोळी ढिली होत गेली. गावातली आशा सेविका दीपाली हिने थुंकी तपासायला नेली आणि आठ दिवसांत गोळ्या सुरू केल्या. "वहिनी, सहा महिने. बरं वाटलं तरी सहा महिने," असे तिने तीन वेळा सांगितले होते. आता दोन महिने होऊन गेले होते. ताप गेला होता, खोकला जवळजवळ थांबला होता. फक्त सकाळी मळमळे, आणि लघवी केशरी होई. तीही गोळ्यांमुळेच, घाबरू नका, असे दीपालीने आधीच सांगून ठेवले होते.

पण ते सासूला, सखूला, कोणी सांगितले नव्हते. एके दिवशी न्हाणीत तिने ते पाहिले आणि घाबरून तोंडाला पदर लावला.

"रगत जातंय गो हिच्या अंगातनं! गोळ्या गरम पडल्यानी. खंडू, जा, तात्यांना बोलाव."

हरिश्चंद्र तात्या वाडीचे मानकरी. वय सत्तरीच्या वर, अंगाने काटक. माणूस वाईट नव्हता. लहानपणी त्यांना डांग्या खोकला झाला तेव्हा आईने खारीचा रस पाजला आणि ते जगले, ही गोष्ट ते मनापासून सांगत. त्यांची दोन भावंडे तसाच रस पिऊन त्याच वर्षी गेली, हे ते कधी सांगत नसत. कदाचित त्यांना आठवतही नसेल.

ते ओट्यावर बसले. बकुळाने चहा आणून ठेवला.

"काय रे खंड्या, आख्ख्या वाडीला तू औषध देतंस, नि तुझी बायको दवाखान्याच्या गोळ्या खाते. लोक हसताहेत माझ्यापाशी."

खंडूने चहाचा कप तात्यांपुढे सारला.

"गोळीनी बरं वाटतंय तात्या तिला," तो हळूच म्हणाला.

"बरं वाटतंय ना? मां आता रानाचं औषध लागू पडंल. अंगात ताकद हाय तवाच ते द्यायचं. गोळ्या बंद कर. उद्यापास्नं एकवीस सुरू कर. चुकवू नको एक पण."

सखू म्हणाली, "मी तेच सांगतंय महिनाभर. पण माझा ऐकतंय कोण हितं!"

बकुळा दाराच्या आड उभी होती. दीपालीने सांगितलेले तिला शब्दन् शब्द पाठ होते. बोलावे असे तिच्या मनात आले. पण तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. लग्नाला अठरा वर्षे झाली होती, मूल झाले नव्हते, आणि त्या कारणावरून खंडू तिला एकदाही टोचून बोलला नव्हता. या माणसाला वाडीत एकच मान होता, आणि तो तिच्या गोळ्यांमुळे जात होता.

"खाईन मी," ती म्हणाली. "कराव सुरू."

दुसऱ्या दिवशी खंडूने पहिली खार आणली. ती मारताना त्याला जितका आनंद झाला तितका आयुष्यात कुठली शिकार करताना झाला नव्हता. आपली बायको आपण आपल्या हाताने बरी करणार, असे त्याला वाटले. प्रेमाने केलेली चूक दिसायला प्रेमासारखीच असते, त्यामुळे ती कोणी अडवत नाही.

दीपाली दर आठवड्याला स्कूटीवरून येई. ती बकुळाला विचारी, पण उत्तर खंडू देई.

"गोळी रोज घेतात ना वहिनी?"

"व्हय. माझ्यासमोर घेते," तो म्हणे.

"पाकीट दाखवा बघू."

पाकिटातल्या गोळ्या सखू रोज मोजून घरामागच्या परड्यात पुरत असे. रिकामे पाकीट बघून दीपाली वहीत खूण करी आणि नवीन ठेवून जाई. बकुळा जमिनीकडे बघत उभी राही.

एकवीस खारी फाल्गुनात, शिमग्याच्या तोंडावर पुऱ्या झाल्या. शिमग्याला पालखी वाडीत आली तेव्हा बकुळा हिरवे लुगडे नेसून ओटी भरायला पुढे गेली. गाल भरले होते. खोकला नव्हता. "मला बरं वाटतंय. एकदम बरं," ती खंडूला म्हणाली. पालखी त्यांच्या खळ्यात नाचली आणि तात्यांनी सगळ्यांसमोर तिच्याकडे हात केला.

"बघा. डाक्टर सहा महिने बोलले व्हते. आमच्या खंडूनी दीड महिन्यात उठवलान."

लोकांनी खंडूच्या पाठीवर थाप मारली. दोन महिन्यांच्या गोळ्यांनी जे केले होते ते खारींच्या नावावर जमा झाले. त्या दिवसानंतर शेजारच्या वाड्यांमधूनही माणसे खंडूकडे येऊ लागली.

वैशाखात खोकला परत आला.

या वेळी तो आधीसारखा नव्हता. बकुळा परड्याच्या चढावर काजूच्या बिया वेचायला गेली आणि अर्ध्या चढावर दमून बसली. संध्याकाळी ताप आला. तात्या म्हणाले, "परत एकवीस." खंडू पहाटे निघे. पण बागेतल्या खारी आता कमी झाल्या होत्या. त्यानेच त्या संपवल्या होत्या. मग तो दूर सड्यावर, कातळाच्या मोकळ्या माळावर जाऊ लागला. खार मिळाली नाही तर वटवाघूळ, नाहीतर साळिंदर, एकदा घोरपड. तात्यांनी ते चालेल म्हणून सांगितले. बकुळा आता स्वतः रांधू शकत नव्हती. सखू रांधी. वास आला की बकुळाला ओकारी येई, तरी ती वाटी तोंडाला लावी, कारण समोर खंडू बसलेला असे, वाटी रिकामी होईपर्यंत.

रात्री तिच्या बाजूला संस्कृती झोपे. संस्कृती ही खंडूच्या धाकट्या भावाची, सागरची मुलगी. सागर आणि त्याची बायको हेतल मुंबईत दोघेही कामाला, म्हणून पोरगी गावी शाळेत. वय बारा. ती काकीशिवाय झोपत नसे. काकीला खोकला आला की ती उठून पाणी देई आणि परत तिच्या कुशीत शिरे.

एका सकाळी बकुळाने तोंडाला लावलेल्या फडक्यावर रक्त आले. तिने ते खंडूला दाखवले.

"आता एक वेळ दवाखान्यात नेताव काय मला?"

"सतरा झाल्या गो," खंडू म्हणाला. "चार ऱ्हायल्या. पुऱ्या होऊदेत. मधी तोडलं तर सगळं फुकट जाईल."

तिने फडके धुऊन वाळत घातले. त्या चार खारी मिळायला त्याला अकरा दिवस लागले.

शेवटी दीपालीनेच गाडी बोलावली. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरने छातीचा फोटो काढला, थुंकी तपासायला पाठवली आणि विचारले, "आधी गोळ्या चालू होत्या ना? किती महिने घेतल्या?"

खंडूने बकुळाकडे पाहिले. तेवढ्यात बकुळा बोलली.

"मीच टाकल्या डाक्टर. उलटी व्हायची. ह्यांना ठाव नाय."

डॉक्टर तिच्यावर रागावला. एवढं शिकवून सांगतात, तरी तुम्ही बायका ऐकत नाही, असे म्हणाला. बकुळाने मान खाली घालून ते ऐकून घेतले. खंडू शेजारी उभा होता. आपण बोलायला हवे होते असे त्याला पुढे हजार वेळा वाटणार होते. त्या वेळी तो बोलला नाही.

तपासणीचा कागद आला. गोळ्या अर्ध्यावर सुटल्यामुळे रोग हट्टी झाला होता. पहिल्या गोळ्यांना आता तो जुमानत नव्हता. नव्या, जास्त कडक गोळ्या सुरू झाल्या, पण दोन्ही फुप्फुसे पोखरली गेली होती. बकुळा भाद्रपदात गेली. जाताना तिचे वजन एकतीस किलो होते. खंडूने तिला एकट्याने उचलले.

बायको गेली की घरात पहिल्यांदा मीठ चुकते. कधी दोनदा पडते, कधी पडतच नाही. मग दिवेलागणीला कोणी दिवा लावायचा ते कळत नाही, आणि दोघेही, म्हातारी आणि मुलगा, अंधारात बसून राहतात. खंडू बागेतून येताना अजून दारातून हाक मारी. हाक तोंडातून गेल्यावर त्याला आठवे.

बाराव्याच्या आधी सखूला तांदळाच्या मोठ्या डब्याच्या तळाशी गोळ्यांचे एक पाकीट सापडले. चार दिवसांच्या गोळ्या काढलेल्या होत्या. रक्त पडल्यावर त्या अकरा दिवसांत बकुळाने सासूच्या नजरेआडून ते पाकीट वाचवले होते आणि लपून चार दिवस गोळ्या घेतल्या होत्या. पाचव्या दिवशी डब्याकडे जाताना सखूने आपल्याला पाहिले असावे अशी भीती वाटून तिने डबा पुन्हा उघडला नाही.

पाकीट बघून वाडीला उत्तर मिळाले.

"बघ," तात्या म्हणाले. "चोरून खाल्लान. दोन औषधं भांडली पोटात. नायतर बाय जगली असती."

आणि खंडूने ते खरे मानले. माणसाला स्वतःचा दोष घेण्यापेक्षा मेलेल्याला देणे सोपे जाते. बाराव्याच्या दिवशी पान वाढताना तो मनातून बायकोवर रागावलेला होता. एवढं मी केलं, आणि तू माझ्यावर विश्वास ठेवला नाहीस, असे त्याचे म्हणणे होते.

दीपाली नवरात्रात आली. ती ओट्यावर बसली नाही. उभ्यानेच बोलली.

"दादा, मला एक खरं सांगा. गोळ्या कोणी थांबवल्या?"

"तिनीच. डाक्टरला बोलली ती."

"ती तुमच्या डोळ्यांत बघून कधी खोटं बोलली काय? मी दर आठवड्याला येत होते, तुम्ही सांगायचात, ती जमिनीकडे बघायची. मी पाकीट बघितलं, माणूस बघितला नाही. ती माझी चूक. पण तुम्ही तरी खरं बोला आता."

खंडूने तिला तांदळाच्या डब्यातले पाकीट दाखवले, माघापासून परड्यात पुरलेल्या गोळ्यांचे सांगून टाकले, आणि तात्या जे म्हणाले तेही. दीपालीने ते पाकीट हातात घेतले आणि त्यातली रिकामी घरे मोजली.

"दादा, ह्या चार दिवसांच्या गोळ्यांनी वहिनी गेल्या नाहीत. ज्या परड्यात पुरल्या त्यांनी गेल्या. शिमग्याला त्या बऱ्या दिसत होत्या ना? त्या पहिल्या दोन महिन्यांच्या गोळ्यांनी. आणखी चार महिने घेतल्या असत्या तर आज त्या हितं तुम्हाला भाकरी वाढत असत्या."

ती गेल्यावर खंडू खळ्यात तसाच बसून राहिला. संध्याकाळी त्याने गलोल मोडली, चुलीत घातली आणि ती जळेपर्यंत बघत बसला. सखूने विचारले, काय झालं रे? त्याने राख सारून चूल विझवली.

मार्गशीर्षात संस्कृतीला खोकला लागला.

आठ दिवस झाले, पंधरा झाले. शाळेतून ती थकून येऊ लागली. जेवायला नको म्हणे. एके संध्याकाळी खंडूने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि हात तसाच राहिला. तो ताप त्याच्या ओळखीचा होता.

रविवारी दुपारी सखूने तात्यांना बोलावून आणले. त्यांच्याबरोबर विनीत आला, आणखी चार-पाच माणसे आली. खळ्यात सतरंजी पडली. सागर मुंबईहून फोनवर होता. विनीतने फोनचा आवाज मोठा करून मध्ये ठेवला.

"खंड्या," तात्या म्हणाले, "एकवीस सुरू कर. पोर लहान हाय, अंगात लवकर मुरंल. नि ह्या वेळी पाकीटबिकीट घरात नको."

"मी खार मारणार नाय तात्या."

"मारू नको मां. नुसती धरून आण. तुझी आवस रांधंल."

"आणणार पण नाय. उद्या सकाळच्या एस्टीनी मी संस्कृतीला दवाखान्यात नेतंय."

विनीत हसला. "काय रे, नेम चुकायला लागला काय तुझा? गलोल कुठं हाय?"

"जाळली."

फोनमधून सागरचा आवाज आला. "दादा, काय चाललंय? तात्या सांगताहेत तसं कर ना. मी लांब हाय, माझा जीव टांगणीला लागलाय हितं."

"सागर, ऐक. तुझ्या वहिनीला मी मारलंय."

सखूने हंबरडा फोडला. "काय बोलतंस रे मेल्या! तोंडाला काय आलंय तुझ्या!"

"खरं ता बोलतंय आये. तू गोळ्या परड्यात पुरल्यास, तात्यांनी सांगितलं, पण दीपालीताईला तोंडावर खोटं मी बोललो. तिनी रगत दाखवलान तवा मी बोललो, चार ऱ्हायल्या, थांब. अकरा दिस थांबवली मी तिला. डाक्टरसमोर तिनी माझा दोष आपल्यावर घेतलान, नि मी गप उभा ऱ्हायलो." त्याने घराकडे हात केला. "मुलगी माझ्या बायकोच्या कुशीत झोपायची. हा खोकला तिचाच हाय. मी थांबवलेला."

तात्यांचा चेहरा लाल झाला. "मां आमच्या घरच्या पोरांना रस पाजलास तवा का नाय बोललास? विनीतचा पोर बरा झाला तो कशानी?"

"साधा खोकला व्हता तात्या. आठ दिसांत आपसूक जातो. मी पाजलं नसतं तरी गेला असता. आपण खारीचं नाव घेतलं. जी जगली ती आपण मोजली. जी मेली, त्यांना नशीब बोललो."

"म्हंजे आमचे वाडवडील खुळे?"

"त्यांच्यापाशी गोळी नव्हती. आपल्यापाशी हाय."

फोनमधून सागर म्हणाला, "दादा, पण दवाखान्यानी बरी होईल, ग्यारंटी काय?"

"ग्यारंटी नाय," खंडू म्हणाला. "खारीची व्हती. तात्यांनी दिलेली."

तात्या उठले. काठी टेकून ते उभे राहिले आणि शांतपणे बोलले. त्यामुळे ते जास्त भीतीदायक वाटले.

"वाडीच्या औषधाला तू खोटं पाडतंस. मां वाडीला पण सोड. शिमग्यात पालखी तुझ्या खळ्यात येणार नाय. कोणाच्या कार्याला तुला बोलावणं नाय, तुझ्या दारात कोण पाय ठेवणार नाय. परवा तुझी आवस गेली तर खांदा द्यायला कोण येतो ते बघ."

सखू तात्यांच्या पायांकडे सरकली. "तात्या, नको ओ. पोरगा खुळा झालाय. बायको गेल्यापास्नं असाच बडबडतो."

तात्यांनी खंडूकडे पाहिले. एक शब्द बदलला तरी ते माफ करतील, असे त्यांचे बघणे होते. दाराच्या चौकटीत संस्कृती उभी होती. तिने खोकला दाबून धरला होता. मोठी माणसे भांडत असताना खोकू नये असे तिला वाटत होते. शेवटी तो तिला आवरला नाही.

"पालखी नको येऊदे," खंडू म्हणाला.

माणसे उठून गेली. विनीतने आपला फोन उचलला. सागर अजून बोलत होता, पण विनीत फोन बंद करून निघून गेला.

पहाटे खंडू उठला तेव्हा सखू चुलीपाशी होती. तिने त्याच्याशी बोलणे सोडले होते. पण पिशवीत दोन भाकऱ्या आणि लसणाची चटणी बांधून ठेवली होती, आणि संस्कृतीचा स्वेटर वर ठेवला होता.

दवाखान्यात डॉक्टरने विचारले, "घरात कोणाला टीबी होता?"

"माझ्या बायकोला. दोन महिने गोळ्या खाल्लान, मग मी बंद केल्या. शिकारीचं मटण दिलं. ती गेली."

डॉक्टरचे लिहिणे थांबले. मग त्याने ते सगळे कागदावर उतरवले, आणि त्या एका खऱ्या उत्तरामुळे संस्कृतीची तपासणी पहिल्या दिवसापासून बरोबर दिशेने झाली. तिलाही तोच हट्टी रोग होता, पण लवकर सापडला होता. उपचार लांबणारा होता. वर्षभर तरी, असे त्यांनी सांगितले. खंडूची आणि सखूचीही तपासणी झाली. सखू यायला तयार नव्हती. आली ती तोंड फिरवूनच.

वाडीने शब्द पाळला. विहिरीवर खंडू आला की बायका कळशी उचलून निघून जात. दुकानदार सामान कट्ट्यावर ठेवी, हातात देत नसे. दीपाली म्हणाली, "दादा, असं वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, तक्रार करू." खंडू म्हणाला, "करू. आधी पोरीचं होऊदे."

रोज सकाळी संस्कृतीने गोळ्या तोंडात घातल्या की तो समोर बसे. तिने पाणी पिऊन तोंड उघडून दाखवल्याशिवाय तो उठत नसे. कधी तिला मळमळे, ती रडे, नको काका म्हणे. तेव्हा तो तिच्या पाठीवरून हात फिरवी, आणि तरीही उठत नसे. कधीकधी त्याला बकुळाला वाटी रिकामी करायला लावणारा आपणच समोर दिसे. तेव्हाही तो असाच बसत होता. तितक्याच मायेने.

शिमगा आला. ढोल वाडीच्या वरच्या अंगाने वाजू लागले. सखूने सवयीने खळे सारवले, रांगोळी घातली, आणि मग घरात जाऊन बसली. पालखी विनीतच्या खळ्यात नाचली, पुढच्या घरी नाचली, आणि खंडूच्या पायवाटेला न वळता खाली उतरली. आतून सखूच्या हुंदक्याचा आवाज आला.

"काका, माझ्यामुळं नाय आली काय?" संस्कृतीने विचारले.

"नाय गो. माझ्यामुळं."

"मी गडग्यावरनं बघून येऊ?"

"जा."

ती धावत सुटली. परड्याच्या चढावर, जिथे तिची काकी दमून बसली होती तिथून, ती एका दमात वर गेली आणि गडग्यावर, परड्याच्या दगडी कुंपणावर उभी राहून पालखी बघू लागली. खंडू खळ्यात उभा होता. ढोल वाजत होते, पण त्याचे कान दुसऱ्याच आवाजासाठी लागले होते. ती खोकेल म्हणून तो थांबला होता. ती खोकली नाही. पालखी वळणाआड गेली तरी नाही. ती तशीच धावत परत आली, गाल लाल, श्वास मोकळा.

"मला बरं वाटतंय काका! एकदम बरं!"

कोणत्याही घरात या शब्दांनी आनंद झाला असता. खंडूच्या अंगावर काटा आला. मागच्या शिमग्याला, याच खळ्यात, हेच शब्द दुसऱ्या तोंडून त्याने ऐकले होते, आणि ऐकून तो गावभर हसत फिरला होता.

"आजची गोळी घेतलीस?"

"पालखी येणार म्हणून ऱ्हायली..."

खंडू आत गेला, गोळ्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"तोंड उघड," तो म्हणाला.